गिधाडांसाठी गोठ्यातील औषधे आणि मृत जनावरे कशी हाताळावीत

रायगड जिल्ह्यातील म्हसळा-श्रीवर्धनच्या डोंगरांत, नाशिकजवळ अंजनेरीच्या कड्यांखाली किंवा गडचिरोलीच्या जंगलाकडेला ज्यांची जनावरे चरतात, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या गावांतील ग्रामपंचायती व गोशाळांसाठी हे लिहीत आहे. पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडे पूर्वी गावोगाव मेलेल्या जनावरावर शेकड्यांनी उतरत असत. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातील त्यांची संख्या सुमारे ९९.९ टक्क्यांनी घटली, म्हणजे हजारांतील एखादेच उरले. लांब चोचीच्या गिधाडांचीही गत फारशी वेगळी झाली नाही.

याचे मुख्य कारण पाकिस्तानातील संशोधनातून २००४ मध्ये सिद्ध झाले. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक दिल्यानंतर लवकरच दगावलेल्या जनावराचे मांस खाल्ले की गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात, रक्तातील युरिक ॲसिड वाढते आणि काळीज, यकृत यांवर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर साचून पक्षी काही दिवसांत मरतो. मेलेल्या जनावरांपैकी शंभरांत एकापेक्षाही कमी जनावरांत हे औषध असले, तरी एवढा ऱ्हास होण्यास ते पुरेसे होते, असे गणिताने दिसून आले. एका बैलावर गिधाडांचा सबंध थवा जेवतो, आणि गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते, हे लक्षात घेतले म्हणजे या हिशेबाचे आश्चर्य वाटत नाही. म्हणूनच गिधाड वाचवण्याचे काम जंगलात पोहोचण्याच्या कितीतरी आधी, जनावराला सुई टोचण्याच्या क्षणी सुरू होते, असे माझे ठाम मत आहे.

जनावर लंगडू लागले, ताप भरला किंवा कासेला सूज येऊन दगडी झाली की डॉक्टर प्रतिजैविकाबरोबर बहुधा वेदनाशामकही देतात. अशा वेळी डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगावे की, मेलॉक्सिकॅम किंवा टोल्फेनॅमिक ॲसिड यांपैकीच औषध द्यावे. ही दोन औषधे गिधाडांवर तपासून सुरक्षित ठरलेली आहेत आणि जनावरालाही त्यांचा चांगला गुण येतो. मात्रा किती व किती दिवस, हे जनावराचे वजन आणि आजार पाहून डॉक्टरांनीच ठरवावे. शेजाऱ्याकडे उरलेली बाटली आणून अंदाजाने टोचणे जनावराच्याही हिताचे नाही.

बाटली हातात घेतल्यावर मोठ्या अक्षरांतील व्यापारी नाव सोडून द्यावे आणि त्याखाली बारीक अक्षरांत छापलेले औषधाचे मूळ नाव वाचावे. चष्मा लागत असेल तर घरातील शाळकरी मुलाकडून वाचून घ्यावे, कारण सगळी मेख त्या एका ओळीत असते. जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर २००६ मध्ये बंदी आली. ॲसिक्लोफिनॅक जनावराच्या शरीरात गेल्यावर त्याचे डायक्लोफिनॅकच होते, आणि किटोप्रोफेनही गिधाडांना मारक आहे; म्हणून जनावरांसाठी या दोन्हींवर २०२३ मध्ये बंदी घालण्यात आली. निमेसुलाइडवरील बंदी २०२४ च्या अखेरीस आली. फ्लुनिक्सिनमुळे गिधाडे मेल्याची नोंद आहे, तेव्हा तेही टाळावे. दोन-तीन औषधे एकत्र केलेली बाटली असेल, तर मेलॉक्सिकॅम हे नाव दिसले म्हणून समाधान मानू नये, पुढची नावेही वाचावीत.

पळवाट उरते ती माणसांच्या औषधाची. डायक्लोफिनॅक माणसांसाठी अजूनही मेडिकलमध्ये मिळते आणि पूर्वी त्याच्या ३० मिलिलीटरच्या बाटल्या सर्रास गोठ्यांत पोहोचत असत. एका मोठ्या गाईला साधारण १५ मिलिलीटर औषध लागते, हे ओळखून २०१५ मध्ये सरकारने माणसांसाठीच्या डायक्लोफिनॅक इंजेक्शनची कुपी ३ मिलिलीटरपुरती मर्यादित केली. तेव्हा एखादा माणूस एका जनावरासाठी अशा पाच-सहा लहान कुपी फोडत असेल, तर तेथेच त्याला थांबवावे. आमच्या ओळखीच्या एका गोठ्यात रात्री व्यालेल्या म्हशीसाठी असेच झाले होते. दवाखाना बंद होता आणि मेडिकलमधून जे मिळाले ते आणले गेले. त्या कुटुंबाचा हेतू वाईट नव्हता, पण योग्य औषध घरात नव्हते. डॉक्टरांच्या सल्ल्याने मेलॉक्सिकॅमची एक बाटली गावातील दूध संस्थेत किंवा ग्रामपंचायतीत ठेवली, तर अशी वेळ येत नाही.

यानंतरचे काम वहीचे आहे. जनावराच्या कानातील पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा अंकी क्रमांक, तारीख, औषधाचे मूळ नाव आणि कोणी टोचले, एवढे लिहिले तरी पुरे. गोशाळांनी तर ही वही कटाक्षाने ठेवावी, कारण तेथे म्हातारी व आजारी जनावरे अधिक असतात आणि उपचार चालू असतानाच ती दगावण्याची शक्यता मोठी असते.

जनावर मेले की आधी वही उघडावी. शेवटच्या दहा दिवसांत कोणतेही वेदनाशामक दिले नसेल, किंवा दिलेले औषध निःसंशय मेलॉक्सिकॅम अथवा टोल्फेनॅमिक ॲसिड असेल, तरच ते गिधाडांसाठी उघड्यावर ठेवावे. काय टोचले हे कोणालाच सांगता येत नसेल, तर खोल खड्डा करून पुरावे. दहा दिवसांची ही मुदत मी मुद्दाम सढळ धरली आहे. यातना संपवण्यासाठी इंजेक्शन देऊन मरण दिलेले जनावर, विषबाधेने मेलेले जनावर आणि लम्पी किंवा काळपुळीसारख्या साथीने दगावलेले जनावर हेही उघड्यावर टाकू नये. साथीचा संशय असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवल्याशिवाय त्याला हातही लावू नये. बिबट्या किंवा मोकाट कुत्री मारण्यासाठी मढ्यावर विष घालण्याचा प्रकार काही ठिकाणी होतो. तो गुन्हा आहे, आणि अशा एका मढ्याने परिसरातील सगळी गिधाडे एका दिवसात मरू शकतात.

सुरक्षित मढे ठेवण्याची जागा मोकळ्या माळावर, विजेच्या तारा, रेल्वेमार्ग आणि पाणवठा यांपासून दूर असावी. गिधाड जड पक्षी आहे. पोट भरल्यावर त्याला उडण्यासाठी चार उड्या मारत धावावे लागते, त्यामुळे झाडोऱ्यात टाकलेल्या जनावरावर ते सहसा उतरत नाही. कातडे सोललेले असेल तर मांस लवकर संपते. कुत्र्यांना अडवणारे कुंपण असल्यास उत्तम, कारण गिधाडे गेल्यावर मढ्यांवर कुत्र्यांचेच राज्य झाले आणि पिसाळलेल्या कुत्र्यांचा धोका माणसांना भोगावा लागला.

घरट्यांबाबत थोडक्यात. ऑक्टोबर ते मे हा विणीचा काळ. ज्या उंच आंब्यावर किंवा बेहड्यावर घरटे आहे ते झाड तोडू नये, आणि ज्या कड्यावर विष्ठेचे पांढरे ओघळ दिसतात तेथे फटाके, ड्रोन आणि दोरीचे प्रस्तरारोहण टाळावे.

एखादे गिधाड मान छातीवर टाकून तासन्‌तास एकाच जागी बसलेले दिसले, माणूस जवळ गेल्यावरही उडाले नाही, तर ते आजारी आहे असे समजावे. त्याच्या चोचीत पाणी ओतू नये, कारण ते श्वासनलिकेत जाते. सावली करावी, कुत्री व गर्दी दूर ठेवावी आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. गिधाड मेलेले असले तरीही कळवावे. ते पुरू किंवा जाळू नये, उघड्या हाताने उचलू नये, नुसते झाकून ठेवावे. त्याच्या यकृताचा आणि मूत्रपिंडाचा नमुना तपासला गेला, तर कोणते औषध अजून गोठ्यांत फिरते आहे हे कळते, आणि त्यावरून ते कोणत्या वाटेने आले याचा शोध घेता येतो.