कोल्श-पद्धतीची एल घरी करताना या चुका टाळा

जर्मनीतल्या कोलोन शहराची कोल्श ही एल प्रकारची बीअर दिसायला पाण्यासारखी साधी, पण चूक लपवायला तिच्यात जागाच नाही. भाजलेला माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) नाही, हॉप्सचा (कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) भडिमार नाही. (युरोपीय संघात हे नाव कोलोन परिसरातल्या बीअरसाठीच राखीव आहे, म्हणून घरची ती 'कोल्श-पद्धतीची'. महाराष्ट्रात विनापरवाना बीअर बनवणं हा दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. हा लेख घरगुती ब्रूइंगला परवानगी असलेल्या देशांतल्या मंडळींसाठी.)

हिशेब २० लिटरचा: पिल्सनर माल्ट ४ किलो, व्हिएन्ना माल्ट ३०० ग्रॅम, सुरुवातीची घनता (पाण्याच्या तुलनेत) १.०४८ च्या आसपास. ४ टक्के आल्फा आम्लाचे (कडवटपणा देणारं द्रव्य) टेटनांग हॉप्स: उकळीत ४५ ग्रॅम ६० मिनिटं आणि १५ ग्रॅम शेवटची १० मिनिटं.

मॅश आणि पाणी

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढलं नाही, तर बीअरला बँडेजसारखा वास येतो आणि तो नंतर कशानेच जात नाही. २० ते ३० लिटरला अर्धी कॅम्पडेन (सल्फाइटची) गोळी चुरून टाका.

मॅश, म्हणजे दळलेला माल्ट गरम पाण्यात भिजवणं, ६५ अंशांवर, तासभर. १३ लिटर पाणी घेतलं आणि माल्ट २५-२८ अंशांवर असेल तर पाणी ७० अंशांवर हवं. थंड गॅरेजमधला १० अंशांचा माल्ट असेल तर ७२-७३. मॅश ६९ वर गेला की बीअर गोडसर आणि जड लागते. फिक्या माल्टमुळे पीएच सहज ५.६ च्या वर राहतो. तो ५.२ ते ५.४ मध्ये आणायला थोडं लॅक्टिक अॅसिड किंवा आंबवलेला माल्ट वापरा. एकूण धान्याच्या १ टक्का आंबवलेला माल्ट पीएच साधारण ०.१ ने उतरवतो. स्पार्जचं (मॅशनंतर धान्य धुऊन घ्यायचं) पाणी ७७ च्या वर नेऊ नका, आणि शेवटचा पातळ वर्ट (माल्टचा गोड अर्क) पिळून काढायचा लोभ नको. नाहीतर चहा दोनदा उकळल्यासारखा तुरटपणा येतो.

झाकण ठेवून उकळणं

पिल्सनर माल्टमध्ये उकळताना शिजलेल्या मक्याच्या वासाचं द्रव्य तयार होतं. ते वाफेबरोबर जायला हवं, म्हणून झाकण उघडं आणि उकळी ९० मिनिटं. आच बंद केल्यावरही ते तयार होतच राहतं, पण बाहेर पडत नाही. त्यामुळे वर्ट झटपट थंड करा.

सर्वांत जास्त बीअर इथे बिघडते

'खोलीचं तापमान १८ आहे, चालेल' हा हिशेब चुकतो. यीस्ट जोरात असताना फर्मेंटरच्या (बीअर आंबवण्याच्या भांड्याच्या) आत तापमान खोलीपेक्षा ३-४ अंश जास्त असतं. बीअर २२ वर गेली की नाजूक फळांच्या वासाऐवजी केळ्याचा, सॉल्व्हंटसारखा वास येतो. थर्मामीटरचा सेन्सर फर्मेंटरच्या भिंतीला चिकटवून वरून फोमचा तुकडा बांधा, म्हणजे खोलीचं नाही, बीअरचं तापमान कळेल. यीस्ट १५ वर टाका, १५-१६ वर ठेवा.

थंडाव्यात कमी यीस्ट टाकणं ही दुसरी चूक. कोरड्या कोल्श यीस्टची ११ ग्रॅमची दोन पाकिटं टाका, एकावर भागवू नका.

घनता १.०१८-१.०२० वर आली की तापमान १८ पर्यंत वाढवा आणि आंबणं पूर्ण थांबल्यावरही दोन-तीन दिवस तसंच ठेवा. घाईत थंड केलं तर बटरस्कॉचचा वास आत अडकतो. खात्री करायची असेल तर दोन नमुने काढा: एक झाकण लावून ६०-६५ अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, मग गार करून दुसऱ्याशी वास ताडून पाहा. गरम केलेल्याला लोण्याचा वास आला तर अजून थांबा. सडक्या अंड्याचा हलका वास मात्र या यीस्टचा स्वभावच आहे. तो पुढे निघून जातो, बीअर ओतून देऊ नका.

गढूळ राहिली?

हे यीस्ट तळाशी बसायला फार आळशी. ० ते २ अंशांवर तीन-चार आठवडे लागतात. लवकर हवी असेल तर अर्धा चमचा जिलेटिन १०० मिलि पाण्यात भिजवून ६५-७० पर्यंत गरम करा (उकळू नका) आणि बीअर ५ अंशांखाली असतानाच घाला. शाकाहारी मंडळींनी आणखी दोन आठवडे धीर धरावा.

बाटल्या भरताना फेसासाठी टाकायच्या साखरेचा हिशेब मुरवण्याच्या २ अंशांवर करू नका. फर्मेंटेशन संपताना बीअर १८ वर होती, त्यावर करा: २० लिटरला साधी साखर १२० ग्रॅम. २ अंशांचा आकडा धरलात तर साखर जेमतेम ७० ग्रॅम निघते, आणि बाटली उघडल्यावर फेसच येत नाही.