जिवाणू मेला, पण मारला कुणी? झिंक ऑक्साइडवर प्रोजेक्ट करणाऱ्यांसाठी

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाचे विषय ठरायला लागले की ज्युनिअर मुलांचे एकदोन फोन मला हमखास येतात. "ताई, झिंक ऑक्साइडच्या नॅनोकणांवर करू का? अन्नातल्या जंतूंवर?" कर, असंच मी सांगते. विषय महत्त्वाचा आहे, रसायनं स्वस्त आहेत आणि मुंबईत बसून तो पुरा करता येतो. त्यानंतर फोनवर अर्धा तास जे बोलते, ते आज एकदाचं लिहून काढते आहे.

माझ्या पहिल्या प्लेटपासून सुरुवात करते. कोमट झिंक ॲसिटेटच्या द्रावणात कॉस्टिक सोडा थेंबथेंब सोडला, पांढरा साका बसला, तो दोनदा धुतला आणि ओव्हनमध्ये वाळवला. भुकटी खूप तापवणाऱ्या मफल भट्टीसाठी रांग होती, म्हणून ती पायरी मी गाळली. भुकटी पाण्यात ढवळून, ई. कोलाय हा जिवाणू पसरलेल्या अगारच्या (जेलीसारख्या खाद्याच्या) प्लेटमधल्या खळग्यांत सोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी इन्क्युबेटर उघडला, तर खळग्याभोवती स्वच्छ, गोल, १८ मिलिमीटरचा झोन, म्हणजे जिवाणू न वाढलेलं वर्तुळ! प्लेट उजेडासमोर धरून मी कितीतरी वेळ पाहत राहिले. मॅडमना दाखवली. त्यांनी ती हातात घेतली, उलटी करून पाहिली आणि एवढंच म्हणाल्या, "छान. आता हेच पाणी सेंट्रिफ्यूज कर, कण खाली बसू दे, आणि वरचं नितळ पाणी तेवढं लाव."

लावलं. त्या नितळ पाण्यानेही जवळजवळ तेवढाच झोन दिला.

म्हणजे जिवाणू मारले ते नीट न धुतलेल्या भुकटीत उरलेल्या, पाण्यात विरघळणाऱ्या झिंकच्या क्षाराने. माझे कण त्या खळग्याच्या तळाशी नुसते बसून होते. पुढची दोन वर्षं मी जे काही केलं, ते त्या सकाळच्या एका प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी केलं: मारलं कुणी?

या विषयात हा प्रश्न फार खोल जातो. झिंक ऑक्साइड जिवाणूला तीन वाटांनी मारतं असं मानतात. कणांच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनची आक्रमक रूपं तयार होतात, हायड्रोजन पेरॉक्साइड हे त्यातलंच एक. कण थोडेथोडे विरघळून झिंकचे आयन सोडतात. आणि कण पेशीच्या आवरणाला चिकटून ते फाडतात. कोणती वाट किती चालते, हे कणाचा आकार, प्रकाश, पीएच आणि भोवतालचं माध्यम यांवर ठरतं. म्हणून प्रत्येक प्रयोगात नॅनोकणांच्या शेजारी निदान तीन सोबती हवेत: तेवढ्याच झिंकचा विरघळणारा क्षार, साधं जाड कणांचं झिंक ऑक्साइड, आणि कण काढून टाकलेलं वरचं पाणी. शक्य असेल तर एक संच ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून अंधारात ठेवा. हे सोबती नसतील तर प्रबंधात "नॅनोकणांमुळे" हा शब्द लिहिण्याचा हक्क आपल्याला नाही, असं माझं ठाम मत आहे.

झोनच्या पद्धतीवर तर फार विसंबूच नका. अगारमधून विरघळलेली वस्तू पसरते, कण फारसे सरकत नाहीत. त्यामुळे उत्तम कण छोटा झोन देतात आणि न धुतलेले कण मोठा. त्यापेक्षा ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये एमआयसी, म्हणजे वाढ रोखणारी सगळ्यात कमी मात्रा, काढा. कल्चर, म्हणजे वाढवलेले जिवाणू, गढूळपणाच्या ०.५ मॅकफारलँड या मापाला जुळवलं की मिलिलिटरमागे साधारण १५ कोटी पेशी असतात. ते पातळ करून खळग्यात मिलिलिटरमागे ५ लाखांच्या आसपास पेशी राहतील असं बघायचं. इथेही एक खड्डा आहे. कणांमुळे पाणी आधीच गढूळ असतं, त्यामुळे ६०० नॅनोमीटरच्या प्रकाशात घेतलेलं गढूळपणाचं रीडिंग वाढ दाखवतंय की भुकटी, हे कळत नाही. रेझाझुरिन हा रंग घातला तर जिवंत पेशी निळ्याचा गुलाबी रंग करतात, त्याचा उपयोग होतो. तरी शेवटी प्लेट ओतून कॉलनी, म्हणजे जिवंत पेशींपासून वाढलेले ठिपके, मोजायला पर्याय नाही. मी आठवड्याला शंभराच्या वर प्लेट मोजत होते. ३० ते ३०० कॉलन्यांचीच प्लेट धरायची, बाकीच्या सोडून द्यायच्या.

कण पीबीएसमध्ये, म्हणजे फॉस्फेटच्या खारट बफरमध्ये, कधीही विखुरू नका. त्यातला फॉस्फेट झिंकला धरतो, झिंक फॉस्फेट तयार होतं आणि कण निकामी होतात. ब्रॉथमधली, म्हणजे जिवाणूंच्या पातळ खाद्यातली, प्रथिनंही झिंकला बांधून ठेवतात. म्हणून एकाच भुकटीची एमआयसी दोन माध्यमांत वेगळी येते, आणि दुसऱ्यांच्या आकड्यांशी आपले जुळले नाहीत की मुलं रडकुंडीला येतात. आधी माध्यम कोणतं होतं ते बघा.

टक्क्यांनीही फसू नका. "९९ टक्के जंतू नष्ट" हे ऐकायला भारी वाटतं, पण ती फक्त २ लॉगची घट आहे (१ लॉग म्हणजे दहापट घट). दहा लाखांतले दहा हजार अजून जिवंतच असतात. अन्नाच्या कामात लॉगमध्येच बोलायची सवय लावून घ्या.

यापुढचं काम माझ्या सगळ्यात जवळचं आहे. ब्रॉथमध्ये मारून दाखवणं सोपं, अन्नात मारणं अवघड. मी पनीर घेतलं होतं. कोळंबीच्या टरफलांपासून मिळणाऱ्या कायटोसानची पातळ फिल्म करायची, तिच्यात झिंक ऑक्साइड मिसळायचं आणि तिने पनीरचे तुकडे गुंडाळायचे. पण कायटोसान विरघळतं ते पातळ ॲसेटिक ॲसिडमध्ये, आणि त्याच ॲसिडमध्ये झिंक ऑक्साइडही विरघळू लागतं. शिवाय कायटोसान स्वतःच जंतूंना मारतं. पुन्हा तोच प्रश्न! म्हणून नुसत्या कायटोसानची फिल्म, झिंक क्षाराची फिल्म आणि साधं प्लास्टिक, असे सगळे संच लावले. ४ अंशांवर ठेवलेल्या तुकड्यांवर पहिले दोन दिवस फरक दिसला, पुढे तो आटत गेला. पनीरमधलं फॅट आणि प्रथिनं कणांच्या आड येतात, आणि फिल्म जिथे तुकड्याला टेकतच नाही तिथे तिचा काही उपयोग नाही. माझा निकाल अर्धवट आला, तरी तो मी जसाच्या तसा लिहिला आणि व्हायवात त्याच प्रकरणावर सगळ्यात जास्त चर्चा झाली.

तुम्ही वेगळं अन्न घ्याल, तर आधी त्याचा पीएच बघा. चिंचेच्या चटणीसारख्या आंबट पदार्थात झिंक ऑक्साइड विरघळून जातं, तिथे नॅनोकण उरतच नाहीत, आणि जिभेला झिंकची तुरट चव लागते ती वेगळीच. फ्रिजमधल्या अन्नासाठी लिस्टेरिया मोनोसायटोजिनिस हा खरा शत्रू, कारण तो ४ अंशांवरही वाढतो. पण रोगकारक जिवाणूंसाठी बीएसएल-२ (जैवसुरक्षेची दुसरी पातळी) सोय आणि शिकवणारं माणूस लागतं, तेव्हा सुरुवात निरुपद्रवी ई. कोलायने करा. कल्चर पुण्याच्या एनसीआयएम किंवा चंडीगडच्या एमटीसीसी या जिवाणू-संग्रहांतून मागवा. मैत्रिणीच्या फ्रिजमधलं, नाव पुसट झालेलं स्लँट (तिरप्या अगारवरच्या कल्चरची नळी) घेऊ नका.

टायटॅनियम डायऑक्साइडचा मोह पुष्कळांना होतो. त्याला अतिनील प्रकाश लागतो, बंद डब्यात तो कुठून येणार? शिवाय २०२१ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने अन्नातला ई१७१, म्हणजे हेच टायटॅनियम डायऑक्साइड, यापुढे सुरक्षित मानता येत नाही असं सांगितलं आणि २०२२ मध्ये युरोपीय संघाने अन्नात त्याच्या वापरावर बंदी घातली. आपल्याकडे जैवतंत्रज्ञान विभागाने २०२० मध्ये शेती आणि अन्नातल्या नॅनो-उत्पादनांच्या मूल्यमापनासाठी मार्गदर्शक तत्त्वं आणली, ती सिनॉप्सिस लिहिण्याआधी वाचा. पॅकिंगचं काम असेल तर त्यातून अन्नात किती उतरतं, म्हणजे मायग्रेशन, हे मोजल्याशिवाय प्रबंध पूर्ण झाला असं मी म्हणणार नाही.

मुंबईपुरतं सांगायचं तर एसईएम, टीईएम या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकांसाठी पवईच्या आयआयटीतली सैफ ही तपासणी सुविधा बाहेरच्या विद्यार्थ्यांचेही नमुने घेते. नंबर लागायला वेळ जातो, म्हणून भुकटी तयार झाली की लगेच अर्ज टाका. एक्सआरडीवरून (क्ष-किरणांच्या तपासणीवरून) शेररच्या सूत्राने येतो तो स्फटिकाचा आकार, आणि डीएलएसवर (विखुरलेल्या प्रकाशावरून आकार मोजणाऱ्या यंत्रावर) दिसतात ते पाण्यात एकमेकांना चिकटलेले गुच्छ. दोन आकडे वेगळे येणारच, घाबरू नका. पावसाळ्यात भुकटी ओलावा धरते, ती सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्येच ठेवा. जुलै-ऑगस्टात प्लेटवर बुरशीही चढते. आमच्या लॅबमधले मामा तेव्हा रोज संध्याकाळी टेबलं ७० टक्के अल्कोहोलने पुसून घेत आणि आमच्याकडूनही पुसून घेत. कोरडी भुकटी तोलताना एन-९५ मास्क लावा आणि पंखा बंद करा. ती दिसत नसली तरी श्वासाबरोबर आत जाते.

आता मी नवी मुंबईत अन्नतपासणीच्या लॅबमध्ये काम करते. मुलाखतीत नॅनोकणांबद्दल त्यांनी दोनच मिनिटं विचारलं. मग कागदावर एक पातळीकरणाची मालिका काढून दिली, तीन प्लेटांचे आकडे दिले, आणि विचारलं, यातली कुठली प्लेट धराल, कुठली सोडाल, आणि नमुना न घातलेल्या कंट्रोलमध्ये वाढ दिसली तर आजचा रिपोर्ट पाठवाल का? मी म्हटलं, पाठवणार नाही, पुन्हा लावेन.