संगिनीवर १९०७ दिसलं की लगेच लिहू नका

शस्त्रांच्या नोंदणीच्या कामात नव्याने पडलेली मुलं विचारतात, सुरुवात संगिनींपासून, म्हणजे बंदुकीच्या नळीच्या टोकाला लावायच्या पात्यांपासून करू का? करा. तलवारीवर बहुतेक वेळा काहीच लिहिलेलं नसतं, संगिनीवर सगळं कोरलेलं असतं. आणि नेमकं त्यानेच माझं नाक कापलं.

मुंबईतल्या एका संग्रहालयाच्या तळघरात मी तीन महिने नोंदी करत होते. ऑक्टोबरचा उकाडा, पंख्याला वाऱ्यापेक्षा आवाज जास्त. समोर ब्रिटिश सैन्याच्या ली-एन्फिल्ड रायफलींच्या अकरा संगिनी. मुठीला लागून पात्यावर मुकुट, खाली जीआर, म्हणजे राजा जॉर्जची आद्याक्षरं, त्याखाली ठळक १९०७. अकराही कार्डांवर ‘निर्मिती : १९०७’ लिहून मी चहाला गेले.

१९०७ हे संगिनीचं जन्मवर्ष नव्हेच. ते पॅटर्नचं, म्हणजे नमुना मंजूर झाल्याचं वर्ष. १९१८ मध्ये बनलेल्या पात्यावरही तेच असतं. खरी तारीख त्याखाली बारीक आकड्यांत असते. ५ आणि १७ म्हणजे मे १९१७. मी तो अनुक्रमांक समजले होते! त्याखाली कारखान्याचं नाव, विल्किन्सन, सँडरसन, चॅपमन असं काहीतरी. आता पातं पलटा. तिथे सरकारी मालकीचा बाण, पातं वाकवून तपासल्याची फुली, तपासनिसांचे ठसे आणि कधी कधी पुन्हा वापरात काढल्याचं वर्ष. म्हणजे एकाच पात्यावर तीन वर्षं सापडू शकतात आणि तिन्हींचा अर्थ वेगळा. आरएफआय दिसलं तर बंगालमधल्या ईशापूरची रायफल फॅक्टरी. मूळ पातं १७ इंचांचं, आपल्याकडे आखूड केलेली साधारण १२ इंचांची मिळतात.

मूठ आणि पातं यांच्यामधल्या आडव्या पट्टीच्या हुकावरूनही घाई नको. सुरुवातीच्या पट्टीला वळलेला हुक होता, १९१३ मध्ये तो नमुन्यातून काढला. म्हणून हुक नसलेली प्रत्येक संगीन १९१३ नंतरची, असंही नाही, कारण जुन्यांचे हुक नंतर कापून टाकले. शिवाय १९१३ चा वेगळा पॅटर्न आहे, दुसऱ्या रायफलीचा, दिसायला जवळपास जुळा. त्याच्या लाकडी मुठीवर दोन उभ्या खाचा असतात. बोट फिरवा, कळेल.

ही चूक मला कुणी मोठ्या पदव्यांच्या माणसाने दाखवली नाही. निवृत्त आर्मरर, म्हणजे सैन्यातली शस्त्रं दुरुस्त करणारे एक काका आठवड्यातून दोनदा यायचे. त्यांनी कार्डं चाळली, एक संगीन उचलून पलटली आणि म्हणाले, “बाळा, पाठ बघितलीस का हिची?” बस, एवढंच. माझं स्पष्ट मत आहे, या कामात गुरू करायचा तर ज्याच्या नखांत तेल गेलंय असा करा. फोटो पाठवून ग्रुपवर ओळख विचारणं हा आळस आहे. फोटोत एकच बाजू येते.

इतिहास तोंडपाठ नसला तरी चालेल, जोडणी कशी बदलली ते कळायला हवं. पहिल्या संगिनी नळीच्या तोंडातच खुपसायच्या, मग गोळी झाडायची कशी? १६८९ मध्ये किलिक्रँकीला स्कॉटिश डोंगरी लोक अंगावर आले तेव्हा सरकारी शिपायांना त्या वेळेत बसवताच आल्या नाहीत. पुढे नळीभोवती बसणारी खोबण आली आणि संगीन लावूनही बार काढता यायला लागला. १८०३ मध्ये असईच्या लढाईत इंग्रज सेनापती वेलस्लीच्या ७८व्या हायलँडर्स या स्कॉटिश पलटणीने आपल्या मराठी फौजेवर संगिनी रोखल्या, त्या याच खोबणीच्या. ली-एन्फिल्ड आखूड झाली तेव्हा भोसकण्याचा पल्ला भरून काढायला पातं १७ इंचांवर गेलं, नमुना जपानी संगिनीवरून घेतलेला.

आणि कृपा करून पात्यावरच्या लांब खाचेला ‘रक्ताची नाळी’ लिहू नका. ती वजन कमी करून पातं ताठ ठेवण्यासाठी असते. हे मी रागानेच लिहितेय, कारण अजूनही कार्डांवर दिसतं.

सरावासाठी चोर बाजारात मटण स्ट्रीटला चक्कर मारा, बघा, विचारा. पण विकत घेऊन पिशवीत टाकून लोकलने घरी आणू नका. शस्त्र नियमांच्या यादीत संगिनीचं नाव थेट लिहिलेलं आहे, पोलिसांसमोर ‘अभ्यासासाठी’ म्हणून भागत नाही. तारेच्या ब्रशने गंज घासू नका, ठसे जातात. मोबाइलचा टॉर्च आडवा धरा, बुजलेली अक्षरंही उठून दिसतात.

घाबरू नका, चुकाल, सगळेच चुकतात. मी अकराही कार्डं पुन्हा लिहिली. नऊ संगिनी १९१५ ते १९१८ मधल्या निघाल्या, एक ईशापूरची. अकरावीची तारीख गंजाने खाल्ली होती. त्या कार्डावर मी ‘वर्ष वाचता येत नाही’ असं लिहिलं. काकांनी सगळ्यांत आधी त्याच कार्डावर सही केली.