गळ्याची गाठ आणि टीएसएचचा रिपोर्ट: या चुका टाळा

"गाठ आहे, पण थायरॉइड नॉर्मल आलं, मग कशाला काळजी?" जळगाव-धुळ्याकडे हे वाक्य हमखास कानावर पडतं, आणि सगळ्यात मोठी चूक त्यातच आहे. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी किती काम करते एवढंच टीएसएच, म्हणजे थायरॉइडसाठीची रक्ताची तपासणी, सांगतं. गाठ कसली आहे हे त्यातून कळत नाही. कर्करोगाची गाठ असली तरी टीएसएच बहुतेक वेळा नॉर्मलच येतं. गाठीसाठी गळ्याची सोनोग्राफीच हवी. टीएसएच कमी आलं तर मात्र गाठच जास्त हार्मोन बनवते का हे बघायला डॉक्टर ग्रंथीचा स्कॅनही सांगतात, कारण जास्त हार्मोन बनवणारी गाठ क्वचितच कर्करोगाची निघते.

याउलट काहींचा गाठ म्हटल्याबरोबर धीर सुटतो. दहापैकी नऊ किंवा त्याहून जास्त गाठी साध्याच असतात. आरशासमोर हनुवटी थोडी वर करून पाण्याचा घोट घ्या. घोटाबरोबर गाठ वर सरकली तर ती बहुधा थायरॉइडची. सरकली नाही तरी दाखवायची आहेच.

सोनोग्राफीच्या रिपोर्टात सगळे आकार बघतात आणि टीराड्सचा, म्हणजे गाठ कर्करोगाची असल्याची शंका किती ते सांगणारा, आकडा तसाच राहतो. तो १ ते ५ असतो, आकडा जितका मोठा तितकी शंका जास्त. टीराड्स ३ ची २ सेंटिमीटरची गाठ असेल तर सहसा सुईची तपासणी (एफएनएसी, सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासणं) लागत नाही, ठरावीक काळाने पुन्हा सोनोग्राफी पुरते. टीराड्स ५ असेल तर १ सेंटिमीटरलाच सुई सांगतात. आकडा लिहिलेला नसेल तर सोनोग्राफीच्या डॉक्टरांना विचारा, संकोच नको.

सुईचं नाव काढलं की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "सुई टोची ते गाठ पसरी जाई." या भीतीपायी लेप लावण्यात महिने जातात. एफएनएसीची सुई अगदी बारीक असते आणि तिच्यामुळे रोग पसरणं अत्यंत विरळ. खरा घोळ रिपोर्ट हाती आल्यावर होतो. त्यात निकाल बेथेस्डा नावाच्या वर्गात लिहितात, आणि बेथेस्डा १ म्हणजे पेशी पुरेशा आल्या नाहीत. "काहीच निघालं नाही" असा अर्थ लावून लोक निवांत होतात, तपासणी मात्र अर्धवटच राहते. सुई पुन्हा घ्यावी लागते. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. खासगीतला खर्च झेपत नसेल तर आधी तिथे चौकशी करा.

आता रक्ताच्या तपासणीकडे. केसांसाठीच्या गोळ्यांत बायोटिन असतं. अनेक मशिनवर त्यामुळे टीएसएच खोटं कमी आणि टी-फोर (थायरॉइडचं हार्मोन) खोटं जास्त दिसतं. डॉक्टरांना सांगून तपासणीच्या किमान दोन दिवस आधी त्या थांबवा. थायरॉइडची गोळी चालू असेल तर तपासणीच्या सकाळी ती रक्त दिल्यावर घ्या. एरवी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्या आणि चहा अर्ध्या-एक तासाने. कॅल्शियम-लोहाच्या गोळीत चार तासांचं अंतर हवं. डोस बदलल्यावर पंधरा दिवसांत टीएसएच करणं म्हणजे पैसे वाया, ६ ते ८ आठवडे थांबा. आणि मे महिन्यात पारा ४५ कडे सरकतो तेव्हा गोळ्यांची बाटली खिडकीत किंवा गाडीत ठेवू नका, औषधाचा जोर कमी होतो.

आवाज बसून तीन आठवड्यांत सुटला नाही, घास अडकायला लागला, गाठ झपाट्याने वाढली किंवा मानेत बाजूला दुसरी गाठ लागली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच दाखवा.