बुजऱ्या मांजरीच्या पिसवा कशा घालवाव्यात

परभणीच्या मोंढ्यातून, पोत्यांच्या थप्पीमागून भुरीला उचलून आणलं, तेव्हा पहिले चार दिवस कपाटाखाली तिचे नुसते डोळे दिसायचे. ती अंग खाजवायला लागली की फरशीवर काळी बारीक भुकटी सांडायची. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "धरा अन् फिनेलच्या पाण्यानं आंघोळ घाला, काय होतंय!"

बरंच काही होतं. फिनेल मांजराला विषारी आहे. शिवाय घाबरलेल्या मांजराला एकदा बळजबरीनं पाण्यात धरलं की ते पुन्हा हाताला लागत नाही. आणि एवढं करून पिसवा परत येतातच, कारण अंगावर दिसतात त्या एकूण पिसवांच्या जेमतेम 5 टक्के. बाकीचा गोतावळा अंडी, अळ्या, कोष अशा रूपात घरात असतो. मादी दिवसाला 40 पर्यंत अंडी घालते आणि मांजर जिथं झोपतं तिथं ती गळतात. म्हणून मांजराच्या अंगाला जेवढ्यास तेवढा हात लावायचा आणि खरा घाम घरावर गाळायचा.

पहिल्यांदा त्याला एक छोटी खोली द्या. आत एक खोका, पाणी, मातीचं घमेलं, बस्स. झोपायच्या जागी पांढरं धोतराचं फडकं अंथरा. सकाळी त्यावर काळे कण दिसले तर ओल्या कापसावर दाबून बघा. कापसावर तांबूस डाग उतरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. तपासणी झाली आणि मांजराला बोटही लावावं लागलं नाही.

औषध वजनावर ठरतं. मांजर ज्या टोपलीत झोपतं ती टोपली तशीच उचलून काट्यावर ठेवा, नंतर रिकाम्या टोपलीचं वजन वजा करा. वजन, अंदाजे वय आणि मांजर गाभण वाटतं का, एवढं डॉक्टरांना सांगा. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. इतर ठिकाणी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. मानेवर टाकायचे थेंब, उदाहरणार्थ फिप्रोनिल किंवा सेलामेक्टिन, मांजरासाठीचेच मागा. हिरड्या पांढुरक्या पडलेलं पिल्लू असेल तर वाट पाहू नका. पिसवांनी रक्त ओढून पिल्लं दगावतात.

गोठ्यातली गोचिडाची बाटली घरात असतेच, तिला हात लावू नका. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन गाई-म्हशींना चालतं, मांजराचं यकृत ते नीट पचवू शकत नाही. कुत्र्याच्या औषधातलं पर्मेथ्रिनही तसंच: अंगाला कंप सुटतो, झटके येतात, जीव जातो. कापूर, निलगिरी तेलही नको, कारण मांजर अंगावरचं सगळं चाटतं.

आता थेंब टाकायचा दिवस. पण त्याआधी आठवडाभर तालीम करा. जेवणाच्या वाटीशी बसा, मांजर खात असताना मानेला चमच्याची बोथट दांडी अलगद लावा, लगेच काढा. ते दचकलं तर त्या दिवशी तिथंच थांबा. औषधाच्या नळीचं टोक मोडताना कट्‌ असा आवाज येतो, म्हणून नळी दुसऱ्या खोलीत उघडा. त्याआधी ती थोडा वेळ मुठीत धरून कोमट करा, गार थेंबानं मांजर उडतं. मग रोजच्यासारखी वाटी ठेवा, कवटीच्या खाली मानेवरचे केस दोन बोटांनी विलगून कातडीवरच थेंब सोडा आणि उठून जा. कौतुक करत बसू नका. खसाखसा चोळू नका. आधी आणि नंतर दोन-दोन दिवस अंग ओलं करू नका. पहिला थेंब चुकून केसांवर पडला तर मनानं दुसरी नळी फोडू नका.

घराकडे वळू. वाकळ, चादरी, मांजराचं फडकं गरम पाण्यात धुवा. टँकरच्या दिवसांत धुण्याला पाणी कुठून आणायचं, हा प्रश्न आहेच. तेव्हा माळवदावर किंवा गच्चीत दिवसभर ऊन दाखवा, मध्ये एकदा उलटा. एप्रिल-मेचं आपलं कोरडं ऊन पिसवांची अंडी-अळ्या मारायला पुरेसं असतं. पावसाळ्यात मात्र दमट हवेत त्यांचं फावतं. फरशीच्या फटी, पलंगाखालचा कोपरा रोज झाडा आणि केर साबणाच्या पाण्यात टाका.

कोष औषधालाही दाद देत नाहीत, महिनोन्‌महिने टिकतात आणि पावलांचा धक्का, अंगाची ऊब लागली की फुटतात. दिवाळीला गावी जाऊन आल्यावर बंद घरात पिसवा पायावर उड्या मारतात त्या याचमुळं. म्हणून थेंब टाकूनही दोन-तीन आठवडे पिसवा दिसल्या तर औषध वाया गेलं असं समजू नका. डॉक्टर सांगतील त्या अंतरानं, बहुधा महिन्याला एक, असे निदान तीन महिने थेंब टाका. घरातल्या बाकीच्या मांजरांनाही त्याच दिवशी.

शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं काही चिकटलेलं दिसलं तर तो पट्टकृमीचा, म्हणजे पोटातल्या चपट्या जंताचा तुकडा. अंग चाटताना पिसू पोटात गेली की तो होतो. पुढच्या खेपेला त्याचंही औषध मागून घ्या.