क्रॉयडनचे जुने विमानतळ-संग्रहालय : नागपूरहून जाणाऱ्यांसाठी

उन्हाळ्यात मुलाकडे किंवा लेकीकडे लंडनला निघालेल्या नागपूरकरांची ठिकाणांची यादी बहुधा आधीच ठरलेली असते. जुन्या प्रवासी विमानांची आवड असणाऱ्यांनी त्या यादीत दक्षिण लंडनमधील क्रॉयडनसाठी अर्धा दिवस राखून ठेवावा. तेथील विमानतळ १९५९ मध्ये बंद झाला, परंतु १९२८ ची टर्मिनल इमारत अजून उभी आहे आणि तिच्या नियंत्रण मनोऱ्याच्या भागात स्वयंसेवकांनी चालवलेले एक छोटे संग्रहालय आहे. ते रोज उघडे नसते, महिन्यातून मोजकेच दिवस उघडते. त्यामुळे उघडण्याचा दिवस पक्का करून मगच बाकीचा कार्यक्रम आखावा. वॅडन हे रेल्वे स्थानक तेथून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी जिन्यांची चौकशी आधीच करून घ्यावी.

तयारी मात्र नागपुरातच सुरू करावी. घरातील जुन्या ट्रंकेत १९५० च्या दशकातील पत्रे पडलेली असतील, तर ती बाहेर काढावीत. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली आणि तिचे केंद्र आपला सोनेगाव विमानतळ होता. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास येथे उतरत, टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल होई, आणि उजाडेपर्यंत ती आपापल्या शहरी परतत. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून देशांतर्गत पत्रे जादा शुल्काशिवाय विमानाने जाऊ लागली, त्यामुळे ‘एअर मेल’ची निळी चिठ्ठी नसलेले साधे पाकीटही सोनेगावच्या धावपट्टीवरून गेलेले असू शकते. पाकिटाच्या पुढचा पाठवणीचा शिक्का आणि मागचा पोहोचीचा शिक्का भिंगाखाली ताडून पाहावा. मद्रासला संध्याकाळी टाकलेल्या पत्रावर दिल्लीचा दुसऱ्याच दिवसाचा शिक्का आढळला, तर मधली रात्र त्याने बहुधा आपल्या गावी काढली होती. अशा पाकिटाची एक चांगली रंगीत प्रत काढून सोबत घ्यावी. ती पुढे उपयोगी पडते.

संग्रहालयात शिरल्यावर सगळ्या काचपेट्या क्रमाने पाहण्याच्या भरीस पडू नये. माझ्या मते आपल्यासाठी तेथील सर्वांत मोलाचा धागा कराचीच्या टपालाचा आहे. ३० मार्च १९२९ रोजी इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश विमान कंपनीची भारताकडे जाणारी पहिली नियमित फेरी क्रॉयडनहून निघाली. तो सलग विमानप्रवास नव्हता, कारण बासेल ते जिनोआ हा टप्पा चक्क रेल्वेने होता, भूमध्य समुद्रावर पाण्यात उतरणारे विमान होते, आणि कराचीला पोहोचायला सात दिवस लागत. पुढे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून पुस मॉथ या लहानशा विमानात टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबई गाठली. म्हणजे क्रॉयडन, कराची, मुंबई आणि सोळा-सतरा वर्षांनी सोनेगाव अशी ही एकच टपालवाट आहे, आणि ती डोक्यात ठेवून हिंडले की नकाशे व वेळापत्रके भराभर उलगडू लागतात.

इंपीरियलच्या प्रसिद्ध हँडले पेज ४२ या चार इंजिनांच्या द्विपंखी विमानांपैकी एकही आज शिल्लक नाही. म्हणून छायाचित्रे, प्रतिकृती आणि कागदपत्रे येथे दुय्यम समजू नयेत. त्या काळी प्रवाशालाही सामानासह वजनकाट्यावर उभे करीत. आज पंधरा किलोच्या बॅगेवरून काउंटरवर हुज्जत घालणाऱ्यांना हे वाचून थोडे बरे वाटेल. रेडिओच्या दालनात थोडे थांबावे. संकटात सापडलेल्या वैमानिकाची ‘मेडे’ ही हाक १९२० च्या दशकात याच विमानतळावरील रेडिओ अधिकारी फ्रेडरिक मॉकफर्ड यांनी, ‘मला मदत करा’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून, सुचवली होती.

बाहेर खांबांवर चढवलेले डी हॅविलँड हेरॉन हे चार इंजिनांचे छोटे प्रवासी विमान शेवटी पाहावे. त्याच्यावर रंगवलेली नोंदणी, जी-एओएक्सएल, ३० सप्टेंबर १९५९ रोजी येथून शेवटची प्रवासी फेरी घेऊन गेलेल्या हेरॉनची आहे, पण हे विमान ते नव्हे. ते त्याचे भावंड आहे आणि त्याची मूळ नोंदणी जी-एएनयूओ अशी आहे. कोणत्याही संग्रहालयात विमानाच्या अंगावरील अक्षरांवर लगेच विश्वास ठेवू नये, सोबतच्या फलकावर मूळ नोंदणी शोधावी, आणि फलक नसेल तर विचारावे. विचारण्यात संकोच नको. स्वयंसेवकांना बोलते करणे हाच अशा जागेचा अर्धा लाभ असतो, आणि तेथील बारीकसारीक माहिती बहुधा फलकांपेक्षा त्यांच्याच तोंडून मिळते.

त्यांच्यासाठी संत्रा बर्फी न्यावी असे कोणाही नागपूरकराला वाटेल, परंतु भारतातून दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेण्यास मनाई आहे. त्याऐवजी पाकिटाची ती रंगीत प्रत पुढे करावी आणि मधली रात्र कोठे गेली ते त्यांना शिक्क्यांवर बोट ठेवून सांगावे.