संपाची नोटीस देण्याआधीची तयारी

पहिलं काम कॅलेंडर समोर घेऊन बसण्याचं. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. केंद्राच्या 1947 च्या जुन्या कायद्यात नोटिशीची सक्ती फक्त लोकोपयोगी सेवांना होती, आता ती प्रत्येक औद्योगिक आस्थापनेला आहे. नोटीस दिल्यापासून 14 दिवस संप करता येत नाही आणि 60 दिवसांनंतर त्या नोटिशीवर संप करता येत नाही. 1 मार्चला पोच मिळाली असेल तर 16 मार्चच्या आधी काम थांबवू नका, आणि एप्रिल संपला की नवी नोटीस द्या. नोटिशीत संपाची तारीख घातली असेल तर तिच्या आधीही जाता येत नाही. नोटीस नियमातल्या नमुन्यातच हवी. तिची प्रत कामगार आयुक्त कार्यालयात द्या आणि सही-शिक्क्याची पोच घ्या. पुढे कोर्टात तुमच्या बाजूनं बोलणारा पहिला कागद तोच असतो.

आता खरी अडचण. नोटीस मिळाल्यावर समेट अधिकाऱ्यानं, म्हणजे वाद मिटवायला सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्यानं, पहिली बैठक घेतली की समेटाची कार्यवाही सुरू झाली असं धरलं जातं, आणि ती चालू असेपर्यंत व संपल्यावर 7 दिवस संप बेकायदा. प्रकरण न्यायाधिकरणापुढे गेलं तर निकालापर्यंत आणि त्यानंतर 60 दिवस. म्हणजे नोटीस कायद्यानं सक्तीची आणि नोटिशीमुळेच संप अडतो. माझ्या मते या संहितेतला कामगारांवर सर्वांत अन्याय करणारा भाग हाच आहे. म्हणून मागणीपत्र, पगाराच्या स्लिपा, जुने करार, कंपनीशी झालेला पत्रव्यवहार हे सगळं नोटिशीच्या आधी फाइलला लावा आणि समेटाच्या टेबलावर पहिल्याच दिवशी पूर्ण ताकदीनं बसा. चालू कराराची मुदतही तपासा. करारात मिटलेल्या मुद्द्यावर मुदतीत संप करता येत नाही.

वाटाघाटीचा हक्क कोणाकडे आहे, हे हजेरीपटावरून मोजून घ्या. एकापेक्षा जास्त युनियन असतील तर 51 टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियनच एकटी वाटाघाट करू शकते. गिरणी कामगारांनी याची किंमत मोजली आहे. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख माणसं उभी राहिली, पण 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानं प्रतिनिधी युनियनचा, म्हणजे कामगारांच्या वतीनं वाटाघाट करण्याचा, दर्जा राष्ट्रीय मिल मजदूर संघ या दुसऱ्या युनियनकडे होता. रस्त्यावरचं बहुमत कागदावर उतरलं नाही.

नोटिशीऐवजी सामूहिक रजा टाकू, असं कोणी सुचवलं तर थांबवा. 50 टक्के किंवा जास्त कामगार ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजेवर गेले तर तो संपच धरला जातो. बेकायदा संपाला 1,000 ते 10,000 रुपये दंड किंवा एक महिन्यापर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. संपाच्या दिवसांचा पगार मिळेलच असं धरू नका. 10 किंवा अधिक जण एकत्र, नोटीस व सबळ कारणाशिवाय गैरहजर राहिले तर 8 दिवसांपर्यंतचा पगारही कापता येतो. घरभाडं, शाळेची फी, किराणा यांचा हिशेब प्रत्येकानं घरी बसून करायला हवा, आणि मदतनिधीची वर्गणी आधीपासून सुरू हवी.

गेटवरच्या निदर्शनांसाठी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, जमावबंदीचा आदेश लागू आहे का ते विचारा. मुंबईत मोर्चा असेल तर आझाद मैदानाची परवानगी वेगळी घ्यावी लागते. शांतपणे, विनाशस्त्र जमण्याचा हक्क राज्यघटनेच्या 19 व्या कलमात आहे. संपाला मात्र सर्वोच्च न्यायालयानं मूलभूत हक्क मानलेलं नाही. कंपनीच्या आवारात सभा घेण्याचा हक्क गृहीत धरू नका. घोषणा द्या, पत्रकं वाटा, आत जाणाऱ्याला हात जोडून समजवा. अंगावर जाऊ नका, वाट अडवू नका. घेराव, साहेबाच्या घरासमोर निदर्शनं आणि मुद्दाम मंद काम या तिन्ही गोष्टी संहितेतल्या अनुचित कामगार प्रथांच्या यादीत आहेत. कोणाला अटक झाली तर कारण विचारा, घरी कळवायला सांगा, वकिलाचा नंबर खिशात कागदावर ठेवा; 24 तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करणं बंधनकारक आहे.

त्याच यादीत मालकासाठीही कलमं आहेत, ती प्रत्येकाला वाचून दाखवा. संप कायदेशीर असताना नवी भरती करणं ही अनुचित प्रथा आहे. कायदेशीर संपानंतर कामावर घेण्याआधी एकेकाला बाजूला बोलावून चांगल्या वर्तणुकीच्या हमीपत्रावर सही मागणं, हीसुद्धा. असं हमीपत्र पुढे आलं तर त्याची प्रत मागा, तारीख टिपा, सही न करता युनियनकडे या. आणि समझोता होईल तेव्हा निलंबनं, पोलीस केसेस आणि संपकाळाचा पगार, या तिन्हींचं काय होणार ते करारात लिहून घेतल्याशिवाय कोणीही पाळीवर जायचं नाही, हे संपाच्या आधीच सभेत ठराव करून ठेवा.